चक्कीच्या वरची खोली

अकरा बाय चौदा.
गोकुळपेठेत, निनाव्यांच्या चक्कीच्या वर.
जिना इतका अरुंद की टेबल दोराने बांधून
खिडकीतून आत ओढलं,
आणि खालून निनावे ओरडत राहिले,
"पडलं तं माह्याच डोक्यावर पडंन, सांभाळून बाप्पा!"

नऊ वर्षं आम्ही भिंती आखल्या
दुसऱ्याच्या नावाखाली.
नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातली ती चौकट:
'रेखाटन'पुढे माझी दोन अक्षरं,
'तपासणी'पुढे हेडाऊची सही, मुंगीएवढी.
आता अख्खी चौकट रिकामी
आणि तिच्यात काय लिहायचं यावर
तीन दिवस वाद.
हेडाऊ-गेडाम, तो म्हणाला.
मुळाक्षरांत ग आधी येतो, मी म्हणाले.
"मग गेडाम-हेडाऊ. उधारीवालेही
आधी तुलाच शोधत येतील."

कोण काय करणार, याचा तक्ता केला.
वर एक चौकोन, खाली दोन, त्यांच्याखाली चार,
बाणबिण काढून.
माणसं मोजली तर दोनच.
तक्ता फाडला, आणि त्याच्या पाठीवर लिहिलं
ते मात्र आजवर टिकलं:
कूलरचं पाणी सोम, बुध, शुक्र मी,
बाकी दिवस तो.
मे महिन्यात, सत्तेचाळीस अंशांत,
खालच्या नळावरून चौथी बादली चढवताना
कंपनी म्हणजे काय ते कळतं.

सीए खोरगडे म्हणाले, शेवटचं पान आधी लिहा.
तुटलीच भागीदारी
तर संगणक कोणाचा, अर्धी राहिलेली कामं कोणाची,
निनाव्यांकडचं डिपॉझिट कोण मागणार.
आम्ही चहा न घेताच निघालो.
वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर
त्याच्या स्कूटरवर मागे बसले होते.
चाकाला ठरावीक अंतराने
ठक्.
ठक्.
बरंच पुढे गेल्यावर तो म्हणाला,
"ही फट ठेवली नसती
तर पूल पहिल्याच उन्हाळ्यात फुटला असता."
मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी शेवटचं पान लिहिलं.
संगणक त्याचा. कामं ज्याची त्याची.
कूलर
कोणीच मागितला नाही.

पहिलं काम मानेवाड्याहून आलं.
बोरकुटे बाई, मेडिकलमधून रिटायर झालेल्या सिस्टर.
गच्चीवर एक खोली, जिना बाहेरून,
"म्हणजे सुनेला विचारून
घरात यायला लागणार नाही. तिलाही बरं, मलाही."
मी फी समजावू लागले, बांधकामाच्या इतके टक्के,
पहिला हप्ता, मंजुरीनंतर दुसरा...
"टक्के नको सांगू पोरी,
टक्के शाळेतच कमी पडत होते. आकडा सांग."
आकडा सांगितला.
माझाच आवाज मला निम्म्या पट्टीत ऐकू आला.
त्यांनी पर्समधून पाकीट काढलं, अकरा हजार
आणि वर चिकटवलेला एक रुपया.

पावती क्रमांक एकशे एक टाक, हेडाऊ कुजबुजला,
जुनी फर्म वाटू.
बाई चष्मा पुसत होत्या.
मी लिहिलं: एक.
त्यांनी पावती वाचली, घडी घातली,
आणि म्हणाल्या,
"माझ्या पहिल्या इंजेक्शनला
पेशंटपेक्षा मीच जास्त कापत होते."

खाली गहू असला तर खोली गुणगुणते,
ज्वारीला टेबल किंचित सरकतं,
हरभऱ्याची डाळ पडली की पेन्सिल थरथरते.
बाईंच्या जिन्याची रेघ मी डाळीच्या वेळी ओढली.
सात पायऱ्या, वळण, मग सात,
मधे बसायला एक ओटा, गुडघ्यांसाठी.
रेघ हलली आहे.
संगणकावर ती सरळ होईलच,
हा कागद मी तसाच ठेवणार.

संध्याकाळी चक्की थांबते.
टेबलावर पिठाचा पातळ थर,
त्यात चार कोपरांच्या खुणा,
आणि एका पाकिटाची चौकोनी.
हेडाऊ कूलरकडे बघतो, मग भिंतीवरच्या कागदाकडे.

शुक्रवार आहे.
बादली उचलते.